पाच पिढ्यांची बडोदेकरी कादंबरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी निघाली तेव्हापासून पत्रं येतात, फोन येतात, आणि दांडिया बाजारात भाजी घेताना मागून हाक येते: "अहो, त्या मद्रासच्या भावाचं पुढे काय झालं?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. कादंबरी अजून वाचली नसेल तर पुढे बरंच काही फुटेल, त्याला इलाज नाही.

थोडक्यात गोष्ट काय आहे?

राजापूर तालुक्यातून चाकरीसाठी बडोद्यास आलेलं एक कारकुनी घर. १८७५ साली या घरातला थोरला भाऊ पदच्युत महाराजांच्या मागे मद्रासला जातो आणि धाकटा नव्या महाराजांच्या दप्तरात चिकटतो. तिथून पाच पिढ्या. शेवटची पिढी न्यू जर्सीत आहे. तिला मोडी सोडाच, बाळबोधही अडखळत येतं.

ही तुमच्याच घरची गोष्ट आहे ना?

निम्मी. आमच्याकडून मद्रासला कुणी गेलं नव्हतं. कादंबरीतल्या काडीमोड घेतलेल्या आत्याची गोष्ट मात्र बरीचशी ऐकलेली आहे. कुणाच्या घरची, ते सांगणार नाही.

सुरुवात १८७५ मध्येच का? पूर्वज तर त्याआधी आले असतील.

आले होते. श्रावणमास दक्षिणेसाठी येणारे ब्राह्मण, पागेतले शिलेदार, फडावरचे कारकून, असे लोक गायकवाडांच्या राज्यात अठराव्या शतकापासून येतच होते. पण त्यांना आपण हद्दपार झालो असं वाटत नसे. मराठ्यांचा मुलूख जिथवर, तिथवर घर, एवढा साधा हिशोब होता.

१८७५ मध्ये तो हिशोब बिघडला. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात बडोद्याच्या दरबारी नेमलेला इंग्रज अधिकारी, रेसिडेंट कर्नल फेअर, याच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर चौकशी बसली. सहा जणांचं कमिशन होतं आणि त्यात ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद. तिघांनी आरोप शाबीत मानला नाही, तिघा इंग्रजांनी मानला. तीनास तीन. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराचं कारण पुढे केलं, एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं. तिथेच ते १८८२ मध्ये वारले.

मला धरून ठेवलं ते याच्या पुढच्या पानाने. एक गायकवाड बडोद्यातून दक्षिणेकडे रवाना झाला, आणि महिन्याभरातच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा उत्तरेकडे आणला गेला. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे रोजी त्याला दत्तक घेतलं. मुलाचं नाव गोपाळराव, वय बारा. पुढे हेच सयाजीराव. एकाच उन्हाळ्यात एकाचं गाव सुटलं आणि दुसऱ्याचं गावही सुटलं, पण पहिल्याला आपण हद्दपारी म्हणतो आणि दुसऱ्याला भाग्योदय. आई-बापांना सोडून परक्या वाड्यात आणून ठेवलेल्या बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या रात्री काय वाटलं असेल, हे कुठल्या दप्तरात नाही. कादंबरीतही मी ते लिहिलेलं नाही. त्याच्या खोलीबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या नोकराला आतून काही ऐकू येत नाही, एवढंच लिहिलं आहे.

थोरल्या भावाचं पुढे काय झालं? उत्तर का दिलं नाही?

कारण त्याच्या बायकोला ते कधी मिळालं नाही. कादंबरीत त्याची पाच पत्रं आहेत. शेवटचं १८८२ चं, महाराज गेल्याचं कळवणारं. नंतर काही नाही.

वाचकांना भावाची काळजी वाटते, मला वहिनीची वाटत होती. नवरा परागंदा झाला की बाईचं काय, यावर आपल्याकडे सोय होती: बारा वर्षं वाट पाहायची, मग पालाशविधी करून त्याला मेला धरायचं आणि तिचं कुंकू पुसायचं. घरच्यांनी बाराव्या वर्षी भटजींना बोलावलं. ती म्हणाली, "मला पत्र येईल." पत्र येणार नाही हे तिलाही माहीत असावं. पण विधवा झाली असती तर माजघरातून उठून मागच्या खोलीत गेली असती, केस गेले असते, हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं असतं. पुढची तीस वर्षं ती मद्रासच्या पत्राची वाट पाहणारी सवाष्ण म्हणून राहिली. एका वाचकाने लिहिलं की ही निष्ठा हृदयस्पर्शी आहे. असेल बुवा. मला ती हुशारी वाटते.

एवढी माणसं आहेत, सुरुवातीला वंशावळ का नाही?

प्रकाशकांनी मागितली होती. मी काढायला बसले तेव्हा लक्षात आलं, वंशावळीत बाई फक्त चौकटीच्या कडेला मावते. कुलवृत्तांत उघडून पाहा. मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. आलेल्या सुनेचं नाव, क्वचित तिच्या माहेरचं आडनाव. लग्न होऊन गेलेली मुलगी तर पुढच्या ओळीला दिसतच नाही. माझ्या कादंबरीत घर चालतं ते या दिसत नसलेल्या ओळींवर. त्यामुळे वंशावळ दिली नाही. गोंधळ होईल, होऊ दे. लग्नघरात नव्या सुनेचा पहिले सहा महिने होतोच.

प्रत्येक बाईला दोन-दोन नावं का? फार अडखळायला होतं.

हा प्रश्न पुरुष वाचकच जास्त विचारतात.

माझ्या आजीचं रेशनकार्डावरचं नाव एक आणि तिच्या भावाच्या पत्रातलं नाव दुसरं. लहानपणी मला वाटायचं, मामाआजोबा कुणा दुसऱ्याच बाईला पत्र लिहितात आणि ते चुकून आमच्याकडे येतं. लग्नात तांदळाच्या ताटात नाव बदललं की जुन्या नावाने हाक मारणारी माणसं आगगाडीने आठ-दहा तास लांब राहायची.

स्थलांतराची कादंबरी म्हटलं की आपण पहिल्या पुरुषाकडे बघतो. तो आला, त्याचा नेमणुकीचा हुकूम आहे, पगार लागल्याची नोंद आहे. पण तो एकदाच आला. त्याच्यानंतर या घरात दर पिढीला एक-दोन मुली कोकणातून, पुण्याहून, साताऱ्याहून आणल्या गेल्या, आणि प्रत्येकीने हा प्रवास पहिल्यापासून केला. भाषा न कळणाऱ्या पोळात, म्हणजे गुजराती गल्लीत, उतरली, भाजीवालीशी खुणांनी बोलली, पहिल्या बाळंतपणाला परत गेली आणि बाळ घेऊन पुन्हा आली. तिचं परगाव तेच तिच्या मुलीचं माहेर झालं. मग मुलीला देशावर दिली आणि तिच्यासाठी पुणं परगाव झालं. पाच पिढ्यांत घरातल्या पुरुषांनी तीनदा गाव बदललं. बायकांचं मोजायचं मी मध्येच सोडून दिलं.

'हद्दपारी' हा शब्द जरा मोठा नाही का? ही तर नोकरीसाठी गेलेली माणसं.

आपल्याकडे या एका गोष्टीला किती शब्द आहेत बघा. हद्दपार होतो त्याला कुणीतरी घालवलेलं असतं. परागंदा होतो तो स्वतः पळालेला असतो. देशोधडीला लागतो त्याचं सगळंच गेलेलं असतं. वनवासाला मुदत असते. कादंबरीत चारही प्रकारची माणसं आहेत. 'स्थलांतर' हा शब्द मी पूर्ण पुस्तकात एकदाही वापरलेला नाही. तो जनगणनेच्या तक्त्यातला शब्द आहे, घरात कुणी तो बोलत नाही. घरात म्हणतात, "आमचे मागचे तिकडून आले."

याला जोडून हिराबाई बडोदेकरांची आठवण कादंबरीत का आहे, असंही विचारतात. त्यांची आई ताराबाई माने बडोद्याच्या सरदारघराण्यातली, वडील अब्दुल करीम खाँ दरबारातले गवई. दोघांनी मिळून बडोदं सोडलं. हिराबाई जन्मल्या मिरजेत, १९०५ मध्ये, घरातलं नाव चंपाकली. गाव आईला सोडावं लागलं आणि तिथे न जन्मलेल्या मुलीने ते आडनावात घेतलं. माझ्या कादंबरीतली आत्या रेडिओवर हिराबाईंचं गाणं लागलं की हातातलं काम ठेवून बसते. कारण कधी सांगत नाही.

आत्याच्या काडीमोडाचं प्रकरण खरं आहे का? त्या काळी हिंदूंना घटस्फोट होता?

बडोद्यात होता. सयाजीरावांच्या सरकारने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. शेजारच्या मुंबई प्रांतात तो यायला १९४७ उजाडलं. ही तफावत हातात आली तेव्हा मला अर्धी कादंबरी मिळाली.

बडोदा संस्थान सलग नव्हतंच. बडोदं, कडी, नवसारी, अमरेली, ओखामंडळ असे तुकडे, मध्ये इंग्रजी हद्द किंवा काठेवाडातली संस्थानं. सुभ्याच्या कचेरीत असलेल्या कारकुनाची बदली अमरेलीहून नवसारीला झाली तर त्याला आपल्याच राज्यात जायला दुसऱ्याच्या राज्यातून जावं लागे. आता त्यात ही आत्या घाला. बडोद्याच्या कोर्टाने मोकळी केलेली, मास्तरीण झालेली, स्वतःच्या पगाराची. आणि पुण्याला चुलतभावाच्या मुंजीला गेली की तिथल्या बायका तिला विचारतात, "यजमान नाही आले?" तिच्या सासरचे मुंबईत राहतात, त्यांच्या लेखी ती अजून सून आहे, फक्त पळालेली. गाडी विरारच्या पुढे गेली की आत्या पर्समधून मंगळसूत्र काढून घालते आणि परतीला सुरतेच्या आसपास पुन्हा ठेवून देते. हे दृश्य मी बनवलेलं आहे. पण एका वाचक बाईंनी कळवलं की त्यांच्या मावशीची पर्स अगदी अशीच होती.

आत्या शिकली कशी, तेही विचारतात. दंडामुळे. १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलींनाही, आणि मूल शाळेत नाही गेलं तर बापाला दंड. तो आकारायला सुरुवात झाल्यावर पुष्कळ बापांना स्त्रीशिक्षणाचं महत्त्व पटलं.

१९१७ चं डॉ. आंबेडकरांचं प्रकरण मध्येच येतं आणि संपतं. ते हवंच होतं का?

"आपल्या बडोद्याची बदनामी" असंही एकांनी म्हटलं, म्हणून इथे सविस्तर.

आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती १९१३ मध्ये. कराराप्रमाणे ते १९१७ मध्ये नोकरीला आले. राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. ते कोण आहेत हे कळल्यावर लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. अकरावा दिवस होता. ते कमाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आता सांगा, बडोद्यातल्या मराठी माणसाच्या हद्दपारीवर पाचशे पानं लिहायची आणि हे वगळायचं? या गावात आमच्या पणजोबांना कोकणातून आल्या आल्या दोन खोल्या मिळाल्या, कारण जातभाई होते, ओळखी होत्या, पंगती होत्या. कोलंबियात शिकून आलेल्या मराठी माणसाला खाट मिळाली नाही. महाराजांची मर्जी होती, हुकूम होता, पण खोली हुकमाने मिळत नाही. ती घरमालकाच्या हातात असते आणि तो घरमालक आमच्यासारखाच कुणीतरी होता. कादंबरीतला कारकून हे कचेरीत ऐकतो आणि घरी येऊन जेवतो. त्या रात्रीच्या आमटीबद्दल बायकोशी बोलतो. प्रकरण मध्येच संपतं, कारण घरात ते तसंच संपलं.

संवादांत इतकं गुजराती, आणि तळटीपा नाहीत?

मुद्दाम दिल्या नाहीत. आमच्याकडे एकाच वाक्यात 'शाक' आणि 'आमटी' असते, हिंचक्यावर बसून 'झोपाळा' नावाची कविता पाठ होते. पुण्याच्या वाचकाला अडलं तर अडू दे थोडं. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला अडलं होतं.

गुजराती माणूस आम्हाला पूर्वी 'दक्षिणी' म्हणायचा. वयस्क मंडळी अजून म्हणतात. पुण्यात गेलो की आम्ही 'ते गुजरातवाले'. दोन्हीकडे शब्द प्रेमानेच वापरला जातो, हे नमूद करते.

१९४९ आणि १९६० ही दोन प्रकरणं इतकी लहान का?

कारण त्या दिवशी घरात काही घडलं नाही. १ मे १९४९ रोजी बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळं झालं. तारीख तीच, अकरा वर्षांचं अंतर. कुणी सामान बांधलं नाही. सकाळी दूध आलं, दुपारी डाळ शिजली.

फरक नंतर हळूहळू जाणवला. दप्तरातून मराठी आधीच मागे सरली होती, सयाजीरावांच्या काळात कारभार गुजरातीत चालू लागला होता. आता शाळांचे मराठी वर्ग रोडावले, नोकरी शोधणारी मुलं मुंबई-पुण्याकडे पाहू लागली. ज्या गावात १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं झाली, त्या गावात मराठी पुस्तक मागवावं लागू लागलं. माणसं जागच्या जागी होती, पण परमुलखात पडली होती. हे प्रसंगातून दाखवता येत नाही, म्हणून प्रकरणं लहान ठेवली. त्यातलं एक पान तर फक्त दुकानाच्या पाट्यांचं आहे. एका रस्त्यावरच्या, वीस वर्षांच्या अंतराने.

माहिती कुठून मिळवली? आम्हालाही आमच्या घराबद्दल लिहायचं आहे.

सगळ्यात आधी मोडी शिका. अक्षर ओळखू यायला महिना पुरतो, घसटी मोडी वाचायला वर्ष जातं. मी सहा महिने एक शब्द 'खजिना' वाचत होते, तो 'खिचडी' निघाला.

मग घरातली कागदपत्रं: सनदा, गहाणखतं, लग्नाच्या याद्या, औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा. लग्नाची यादी सोन्यासारखी, कारण तिच्यात कुठल्या गावाहून किती माणसं आली ते असतं. आहेराच्या वहीवरून रुसवेफुगवे कळतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या घरची माणसं कधी आली, बरोबर कोण होतं, हे त्यांच्याच सहीने सापडू शकतं. माझ्या एका पात्राची पूर्ण यात्रा अशा तीन ओळींवर उभी आहे. संस्थानाचे छापील अहवाल, कायद्यांची पुस्तकं, आणि १९३१ चा सयाजीशासनशब्दकल्पतरू हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश हाताशी ठेवा. कचेरीतला माणूस कचेरीतल्या शब्दांत बोलला पाहिजे. बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० पासून आहे, तिथे अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या वेळची व्यवस्था अजून जाणवते. जुनी मासिकं चाळताना जाहिराती सोडू नका.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. "इतिहास सांगा" म्हणून विचारलंत तर त्या म्हणतील, "ह्यांना विचार." "पहिल्यांदा इथे आलात तेव्हा जेवायला काय होतं?" असं विचारा आणि गप्प बसा.

एका दप्तरात मला आठ महिने खेपा घालूनही कागदांचा एक बस्ता दाखवला गेला नाही. तो बस्ता कादंबरीत नाही, पण खेपा आहेत.

शेव-उसळीवर दोन पानं?

दोनच पुरे झाली.

न्यू जर्सीतल्या मुलीला शेवटी परत का आणलं नाही?

कुठे आणू? वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत झाली. शिवाय ती तिथे सुखात आहे, तिला 'हरवलेली' दाखवायची माझी इच्छा नव्हती. ती आईला व्हिडिओ कॉलवर विचारते, "आपण नक्की कुठले?" आई म्हणते, "वडोदरा." मुलगी म्हणते, "आजी तर बडोदा म्हणायची." पुष्कळांना हा शेवट वाटला नाही. दुसरा लिहून पाहिला होता, त्यात ती कोकणात जाऊन रडत होती. फाडला.

तुम्ही स्वतः मूळच्या कुठल्या?

राजापूर तालुक्यातल्या. कादंबरी लिहिताना एकदाच गेले. घराचा चौथरा आहे, त्यावर दुसऱ्याचं भात वाळत होतं. देवळातल्या गुरवाने गोत्र विचारलं, नारळ फोडला, प्रसाद दिला. मी बडोद्याची म्हटल्यावर त्याने मला थांबवलं. त्याच्या भाच्याला वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, पुढच्या सोमवारी जायचं होतं. राजापूर रोडहून थेट गाडी आहे का, भाडं साधारण किती पडेल, तिथे पाणी गोडं आहे का, हे सगळं त्याने विचारलं. मग जरा थांबून विचारलं, "आपली माणसं असतील ना थोडीफार तिकडे?"

मी त्याच्या वहीत आमचा पत्ता लिहून दिला. भाचा दिवाळीत दोन दिवस येऊन गेला. आईने त्याला निघताना डबा दिला, तो अजून परत आलेला नाही.